साध्या पेट्रोल गाडीला ईसीयू रीमॅप करून काही पदरात पडतं का?

घोडबंदरचा गाडीवान (कासारवडवली, ठाणे)

मंडळी, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, आणि त्याचं सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे रीमॅप किंवा ट्यून. १८ हजारांचा प्रश्न आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

गाडी स्विफ्ट झेडएक्सआय, २०१९ च्या जानेवारीत घेतलेली. १.२ पेट्रोल, मॅन्युअल, टर्बो-बिर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) काही नाही. ७१ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी केव्हाच संपली. रोज भाईंदरला जातो, सोबत ऑफिसचे तिघे, पेट्रोल वाटून घेतो. म्हणजे रोज गायमुखचा चढ आला. पुढे कंटेनर, मागे हॉर्न, एसी चालू, आणि तिसऱ्या गियरमध्ये गाडी अशी कण्हते की मागे बसणारे आमचे हेडक्लार्क विचारतात, "उतरून ढकलू का?" दुसरा टाकला तर इंजिन बोंबलतं आणि सगळे माझ्याकडे बघतात.

यात तेल ओतलं मेव्हण्याने. त्याची जुनी डिझेल स्विफ्ट, तीन वर्षांपूर्वी रीमॅप केलेली. नाशिकला जाताना कसारा घाटात तो मला मागे टाकतो आणि वर जाऊन चहाच्या टपरीवर थांबून वाट बघतो. "दाजी, तुम्हीपण करून घ्या. दीड तासाचं काम आहे."

तुर्भ्याच्या एका गॅरेजवाल्याने 'स्टेज वन'चे (पार्ट न बदलता नुसतं सॉफ्टवेअर) १८ हजार सांगितले. पॉवर १५ ते २० टक्के वाढणार आणि ॲव्हरेजही वाढणार म्हणतो. दोन्ही एकदम वाढणार म्हटल्यावर मला जरा शंका आली. घरून तर सरळ विरोध आहे. "गेल्या दिवाळीत त्या १६ इंची अलॉयवर घातलेस तेवढे पुरे झाले." (गाडी दिसते मात्र झकास. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत जरा घासतो, तेवढंच.)

ज्यांनी बिनटर्बोच्या गाडीला खरंच करून घेतलंय त्यांनी सांगा. ऐकीव नको.

सिटीवाला (ऐरोली)

मी केलंय. होंडा सिटी, २०१६, १.५ आय-व्हीटेक. २८ हजार मोजले, त्यामुळे तुझ्यापेक्षा दहा हजारांनी जास्त शहाणा आहे.

पहिले दोन आठवडे स्वर्ग. सिग्नल सुटला की गाडी झेपावायची. मुलुंड-ऐरोली पुलावर बायकोने हँडल धरलं. डायनोचा (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्राचा) कागदही मिळाला होता: चाकांवर आधी ९७, नंतर १०८ हॉर्सपॉवर. मी तो लॅमिनेट करून ठेवला, हसू नका.

मग एकदा लक्षात आलं की पेडल पूर्ण दाबल्यावर गाडी पूर्वीसारखीच जाते. ओव्हरटेकला लागणारा वेळ तोच. फरक फक्त पाव-अर्ध्या पेडलला. माझ्याकडे मूळ फाइलची (ईसीयूतल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची) प्रत होती, म्हणून हट्टाने दुसऱ्या एका डायनोवर गेलो आणि एकाच दुपारी दोन्ही फाइली टाकून बघितल्या. मूळ फाइल ९८.४, ट्यून केलेली १०२.१. पावणेचार घोडे, म्हणजे एकेक घोडा साडेसात हजारांना पडला. यापेक्षा माथेरानचा स्वस्त.

शिवाय ट्यूनरने सांगितल्यामुळे आता ९५ ऑक्टेनचंच पेट्रोल टाकतो (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटत नाही), लिटरमागे काही रुपये जास्त. ॲव्हरेज वाढलं का? माझा पाय जड झाला म्हणून उलट कमीच झालं.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. पहिल्या कागदावर ११ वाढले होते, ते दुसरीकडे चार कसे झाले?

लॅम्डाताई (खारघर)

सिटीवाले, पहिल्या डायनोवर 'आधी'च्या रनला बॉनेट बंद आणि समोरचा पंखा बंद, आणि 'नंतर'च्या रनला दोन्ही उघडं-चालू, असं काही होतं का? आठवून बघा. इंजिनने ओढलेली हवा दहा अंशांनी थंड झाली तर ती सुमारे तीन टक्के घट्ट होते, म्हणजे शंभरात तीन हॉर्सपॉवर नुसत्या पंख्याने मिळतात. पहिल्या रनला इंजिन ऑइल आणि गियरबॉक्स गार असले तर आणखी एक-दोन. यात खोटेपणा असेलच असं नाही, निष्काळजीपणाही पुरतो.

माझी ओळख: अकरा वर्षं पुण्यात इंजिन कॅलिब्रेशन केलं. म्हणजे केव्हा किती पेट्रोल आणि केव्हा ठिणगी याचे हे नकाशे, ज्यांना तुम्ही मॅप म्हणता, ते कंपनीच्या बाजूने भरायचं काम. एका गाडीच्या मागे दोन-दोन वर्षं. उन्हाळ्यात राजस्थानात, हिवाळ्यात हिमाचलात, लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या सीटवर. आता मुलीच्या शाळेपायी खारघरला घरी असते, आणि असे प्रश्न दिसले की राहवत नाही.

गाडीवान, तुमच्या इंजिनात चार सिलिंडर, मिळून ११९७ सीसी. म्हणजे एका सिलिंडरच्या एका घोटात जास्तीत जास्त ३०० सीसी हवा. ठाण्याच्या उकाड्यात तिचं वजन भरतं एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. पेट्रोल कितीही ओतता येईल, पण जळायला हवा लागते, आणि बिनटर्बोच्या इंजिनाला हवा मिळते ती बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने जेवढी आत येईल तेवढीच. लॅपटॉप लावून हा दाब वाढत नाही. तुमच्या मेव्हण्याच्या डिझेलला टर्बो आहे. तिथे सॉफ्टवेअरमध्ये 'हवा जास्त कोंब' असं लिहिता येतं, मग डिझेलही जास्त सोडता येतं. ते इंजिन मुळातच दाबून ठेवलेलं होतं. तेच १२४८ सीसीचं फियाटचं डिझेल स्विफ्टमध्ये ७५ आणि एसएक्स४ मध्ये ९० हॉर्सपॉवरचं होतं. तिथे टर्बोही वेगळा होता हे खरं, पण पोटात जागा होती हे कळतं. मेव्हणा खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचं औषध तुमच्या आजाराचं नाही.

हवेचंच महत्त्व बघायचं तर सीएनजी बघा. कंपनीची सीएनजी स्विफ्ट आली तेव्हा पेट्रोलवर ९० च्या घरात आणि गॅसवर ७७.५. इंजिन तेच. गॅस स्वतःच सिलिंडरमध्ये जागा अडवतो, तेवढी हवा कमी येते.

मग ट्यूनर करतो काय? ठिणगी थोडी आधी पाडतो. कंपनीने गाडी ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, भर मे महिन्यात, मालकाने तीन वर्षं ठिणगीचे प्लग न बदलता चालवली तरी ठोका खाऊ नये (पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटून इंजिन टकटकू नये) असं गृहीत धरून मार्जिन ठेवलेलं असतं. चांगलं पेट्रोल टाकून दोन-तीन अंश पुढे नेलं तर थोडा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. पण त्यालाही सीमा आहे, तिच्या पुढे ठिणगी कितीही लवकर पाडा, काही वाढत नाही, उलट पिस्टन वर येत असतानाच ज्वाला त्याला खाली दाबते. पूर्ण पेडलला हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं हलवतो. हिशोबी जळणाला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, पण जास्तीत जास्त ताकद १२.५ ते १३ ला मिळते. कंपनी तिथेच असते, किंवा वरच्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, जळू नये म्हणून त्याहून जरा जास्त पेट्रोल देते. तिथे एखादा टक्का निघतो. सगळं मिळून तीन ते सहा टक्के आले तर काम चांगलं झालं म्हणायचं. सिटीवाल्यांचे पावणेचार टक्के बरोबर बसतात.

आणि तिसरं, जे गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त जाणवतं, ते म्हणजे पेडलचा मॅप. आता पेडल आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्यात तार नाही, कॉम्प्युटर आहे. ३० टक्के पेडलला पूर्वी झडप ३० उघडत होती, ती आता ५० उघडते. गाडी उसळते. नळाची तोटी अर्ध्या वळशात पूर्ण उघडेल अशी केली म्हणून टाकीत पाणी वाढत नाही, पण बादलीपाशी उभ्या माणसाला तसं वाटतं खरं.

एक जागा मात्र आहे जिथे बिनटर्बोच्या जुन्या गाडीला ट्यून खरोखर कामाचं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याचं हिशोबी मिश्रण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास येतं, ऑक्टेन वाढतो, आणि लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के कमी होते. २०१९ ची गाडी त्या हिशोबाने कॅलिब्रेट केलेली नाही. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बरंचसं सावरतो, पण वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेणारी ठिणगी त्या फाइलमध्ये लिहिलेलीच नसेल, तर ती आपोआप येत नाही. हे नीट करणारा माणूस हवा मात्र. तुमच्याच गाडीचा डेटा तासभर रस्त्यावर नोंदवून मग फाइल करणारा. दीड तासात हातात चावी देणारा तयार फाइल टाकतो.

कळवा नाक्याचा पाना (कळवा)

ताई बोलतात ते बरोबर, पण एवढं लांब कशाला. भाऊ, प्लग कधी बदललेस? ७१ हजार झालेत म्हणतोस. साधे प्लग असतील तर ४० हजारालाच जायला हवे होते. थ्रॉटल बॉडी उघडून बघ, काळी चिक्कट असणार. एअर फिल्टर काढून उन्हात धर, उजेड दिसतो का बघ. हॅन्डब्रेक सोडून मागची चाकं हाताने फिरतात का बघ. चौथ्यात ४० ला पूर्ण पेडल मार. आरपीएम पळतोय आणि गाडी नाही, तर क्लच गेला.

माझ्याकडे दर महिन्याला दोघे-तिघे येतात, गाडी उठत नाही म्हणून. रीमॅपचं विचारतात. तेराशे-पंधराशेचं काम करून हसत जातात. माझं नुकसानच आहे म्हणा.

घोडबंदरचा गाडीवान

पानादादा, प्लग... खरं सांगायचं तर कधीच नाही. सर्व्हिसवाले बदलत असतील असं धरून चाललो होतो. आज बिलांची फाइल काढली, सहा वर्षांत प्लग हा शब्द कुठेच नाही. 'इंटीरियर फोम क्लीनिंग' मात्र चार वेळा.

लॅम्डाताई, सगळं पटलं. पण मग गायमुखला गाडी मरते का? ८३ हॉर्सपॉवर म्हणतात कागदावर. चार माणसं ओढायला ८३ घोडे पुरू नयेत?

लॅम्डाताई

पुरतात. तुम्ही ते वापरत नाही.

गाडी पावणेनऊशे किलो, तुम्ही चौघे आणि डबे-बॅगा धरून बाराशे. सहा टक्के चढ धरू. ताशी ४० ने वर जायला टायर आणि हवेचा विरोध धरून १३-१४ हॉर्सपॉवर लागतात, एसीचे तीन-चार. म्हणजे सतरा-अठरा. ८३ मिळतात ते ६००० आरपीएमला. तिसऱ्यात ४० ला तुमचं इंजिन १८०० च्या आसपास असतं, आणि तिथे त्याच्याकडे असतात अंदाजे बावीस-तेवीस. शिल्लक राहिली पाच. कंटेनरच्या मागून परत वेग घ्यायला पाच घोडे म्हणजे काहीच नाही. त्यात रीमॅपने पाच टक्के वाढवा, एक घोडा मिळाला. तोही खात्रीने नाही, कारण खालच्या आरपीएमला पूर्ण भाराखाली ठोक्याची भीती सर्वांत जास्त, तिथे ठिणगी पुढे न्यायला जागाच नसते. ट्यूनची वाढ दिसते ती साडेचार हजाराच्या वर, जिथे तुम्ही कधी जात नाही.

दुसरा टाकलात तर इंजिन २७०० ला येतं आणि जवळपास ३८ मिळतात. इंजिन बोंबलतं म्हणता, ते बोंबलणं नाही, काम करणं आहे. ६००० पर्यंत फिरायला बनवलंय ते, २७०० ला त्याची झोपही मोडत नाही. हेडक्लार्कना सांगा, खिडकीबाहेर बघा.

आता मला एक सांगा. त्या १६ इंची अलॉयवर टायर कोणता? बाजूवर आकडे लिहिलेले असतात. पूर्ण वळवल्यावर घासतो म्हणालात तेव्हापासून मला तेच खटकतंय.

घोडबंदरचा गाडीवान

खाली जाऊन बघून आलो. २०५/६० आर १६. दुकानदार म्हणाला मोठा बसवा, खड्ड्यात बरं पडतं.

लॅम्डाताई

सापडलं.

तुमचा मूळ टायर १८५/६५ आर १५, व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर. आताचा ६५२. चाक पाच टक्के मोठं झालं. म्हणजे प्रत्येक गियर पाच टक्के लांब, चाकाशी पोचणारा जोर पाच टक्के कमी. १८ हजार देऊन जेवढं मिळायची आशा आहे, तेवढं तुम्ही दिवाळीत पैसे देऊन घालवलंत. वर त्या चाकांचं वजन वेगळं. १६ हवंच होतं तर १९५/५५ घ्यायचा, तो ६२१ भरतो, मूळ मापाला अगदी जुळतो.

स्पीडोमीटर आणि किलोमीटरही पाच टक्के कमी दाखवत असणार. ॲव्हरेज पडलंय असं वाटत असेल तर त्यातलं थोडं नुसतं मोजमापाचं आहे.

रस्त्याचा हिशोब (नेरूळ)

मध्येच बोलतो, विमा सर्वेक्षणात आयुष्य गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी मूळ नोंदणीपेक्षा वेगळी करायची तर परवानगी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाक्यावरचा पोलीस ईसीयू उघडून बघत नाही हे मलाही कळतं. पण मोठ्या अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बघू शकतो. मडगार्डला घासणारं चाक तर न उघडताच दिसतं.

सिटीवाला

लॅम्डाताई, माझ्या त्या पहिल्या डायनोचा व्हिडिओ मोबाइलमध्ये सापडला. बॉनेट बंद. दुसऱ्या रनला उघडं, आणि समोर लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला पंखा. लॅमिनेशन फुकट गेलं.

मूळ फाइल परत टाकू का?

लॅम्डाताई

गाडी ठोका खात नसेल आणि ९५ चं पेट्रोल परवडत असेल तर राहू दे. फक्त पुढच्या मालकाला सांगा, नाहीतर तो साधं पेट्रोल टाकेल आणि एप्रिलमध्ये चढावर टकटक ऐकू आली तरी रेडिओ मोठा करेल. नॉक सेन्सर सांभाळून घेतो, पण त्याच्या भरवशावर इंजिन चालवायचं नसतं. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

घोडबंदरचा गाडीवान (दहा दिवसांनी)

अपडेट देतो.

जुनी १५ इंची चाकं बाल्कनीत होती, त्यावर सौ.ने कुंड्या ठेवल्या होत्या. कुंड्या उतरवल्या, शनिवारी चाकं बसवली. त्याच दिवशी पानादादांच्या यादीप्रमाणे चारही प्लग नवे, थ्रॉटल बॉडी साफ, एअर फिल्टर नवा. सगळं मिळून २,१५० रुपये. काढलेले प्लग मेकॅनिकने एका ओळीत ठेवून मला दाखवले, न बोलता.

मोजायचं म्हणून आधीच्या रविवारी पहाटे सहाला एका सरळ रिकाम्या रस्त्यावर, मोबाइलच्या जीपीएसवर (स्पीडोमीटरवर नाही, ताईंचं ऐकून), एकटा बसून, एसी बंद, तिसऱ्यात ३० ते ६० तीन वेळा नोंदवलं होतं. सरासरी ७.६ सेकंद. या रविवारी त्याच जागी त्याच वेळी ६.९.

गायमुखला आता दुसरा टाकतो. हेडक्लार्क गप्प आहेत, पण ते इंजिनापेक्षा पेट्रोलच्या नव्या हिशोबामुळे असावं.

लॅम्डाताई

प्लग आणि चाकं एकाच दिवशी बदललीत? मग ०.७ सेकंदातले किती कुणाचे हे कसं कळणार? माझ्या जुन्या टीममध्ये असता तर चहा तुमच्याकडून असता. पुढच्या रविवारी मोठी चाकं परत लावून एकदा मोजा, म्हणजे हिशोब सुटेल.

घोडबंदरचा गाडीवान

ताई, त्या चाकांवर आता कुंड्या गेल्या. मोगऱ्याला कळ्या आल्यात, हात लावायची परवानगी नाही.